पंचायतीची कचऱ्याची गाडी विजेवर आणताना: आधी मीटर, मग गाडी

गाडी आली, नारळ फुटला, फोटो काढून झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालकाने विचारले, "चार्जिंगला लावायची कुठे?" मग पंचायत घराच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड बाहेर येतो. पंधरवड्यात त्याची पिन काळी पडते. पहिल्या पावसात सगळेच बंद पडते आणि जुना डिझेल टेम्पो पुन्हा रस्त्यावर येतो. गाडीत खोट असेलच असे नाही. बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकलेला असतो.

हा लेख गोव्यातले सरपंच, पंच, सचिव आणि छोट्या नगरपालिकांतल्या अभियंत्यांसाठी आहे. दारोदारी कचरा गोळा करणारी एक-दोन विजेवरची तीनचाकी किंवा छोटी चारचाकी घ्यायची असेल, तर कामे इथे दिलेल्या क्रमाने करा. महिन्यांचा विचारही आधीच करून ठेवा. फेऱ्यांची मोजणी जानेवारी-फेब्रुवारीत, अर्थिंगची चाचणी मे महिन्यात, गाडी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. असे केले तर नवी गाडी आणि नवखा चालक यांना पहिल्या पावसाला तोंड देण्याआधी सहा-सात कोरडे महिने मिळतात. मे महिन्यात गाडी आणून जूनमध्ये शिकायला बसणे ही हमखास फसणारी वेळ.

टप्पा १: चौदा दिवस फेऱ्या मोजा

चालकाला "रोज किती किलोमीटर होतात?" असे विचारून मिळणारा आकडा अंदाजाचा असतो. चालू गाडीवर चौदा दिवस वही ठेवा. निघतानाचे आणि परततानाचे किलोमीटर, फेऱ्या, भरलेले डिझेल, आणि जमेल तितक्या फेऱ्यांचे वजन लिहा. चौदा दिवसांत एक बाजाराचा दिवस आणि निदान एक सुक्या कचऱ्याचा दिवस आलाच पाहिजे. किनाऱ्यावरच्या पंचायतींनी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याची वेगळी नोंद ठेवावी. तो आठवडा वर्षातल्या सगळ्या सरासऱ्या मोडतो. चवथीच्या विसर्जनानंतरचे दोन दिवसही तसेच.

ओला आणि सुका कचरा वेगवेगळा मोजा. ओल्याने गाडी वजनाने भरते, सुक्याने जागेने. ओला कचरा घनमीटरला चार-पाचशे किलो भरतो, तर प्लॅस्टिक-पुठ्ठ्याचा सैल सुका कचरा शंभर किलोच्याही खाली राहतो. म्हणून गाडी निवडताना ओल्या दिवसाचे किलो आणि सुक्या दिवसाचे घनमीटर असे दोन्ही आकडे हातात हवेत.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गावाबाहेरच्या फेरीचा. गोळा केलेला माल साळगावच्या किंवा काकोड्याच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पात कोण नेतो? तीच तीनचाकी नेणार असेल तर हिशोब तिथेच कोसळतो. पेडणे तालुक्याच्या टोकावरून साळगावपर्यंत भरल्या गाडीने महामार्गावर जाणे हे या गाडीचे काम नव्हे. तिने वाड्यावाड्यांतून माल पंचायतीच्या शेडपर्यंत आणावा आणि पुढची लांब फेरी मोठ्या ट्रकने करावी. लांब फेरी टाळता येत नसेल तर तीनचाकीचा नाद सोडा आणि छोटी चारचाकी बघा.

पडताळणी: चौदा दिवसांतला सर्वांत जड दिवस कोणता होता, हे सांगता येते का? पुढचा सगळा हिशोब त्या दिवसावर बांधायचा आहे. सरासरीवर बांधलेली गाडी आठवड्यातून दोनदा वाटेतच थांबते.

टप्पा २: चढण मोजा

गोव्यात सपाट गाव सापडणे कठीण. नदीकाठचा बाजार खाली, वस्ती सड्यावर (वरच्या खडकाळ पठारावर), आणि दोहोंच्या मध्ये एक घाटी. माहितीपत्रकात चढण टक्क्यांत दिलेली असते. २० टक्के म्हणजे २० अंश नव्हे, जेमतेम ११ अंश.

मोजायला यंत्र लागत नाही. दोन मीटर लांबीचा सरळ ॲल्युमिनियम पाइप आणि गवंड्याची पाणसळ एवढे पुरते. पाइपचे एक टोक चढणीच्या वरच्या बाजूला रस्त्यावर टेकवा. दुसरे टोक उचलून पाणसळीतला बुडबुडा मध्ये आणा. त्या टोकापासून रस्त्यापर्यंतचे अंतर टेपने मोजा. ३० सेंटीमीटर आले तर चढण १५ टक्के, ४० आले तर २०. प्रत्येक घाटीवर तीन ठिकाणी मोजा आणि वळणाच्या आतल्या बाजूला जरूर मोजा, कारण खरी तीव्र चढण तिथेच असते.

आलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर आणखी पाच टक्के मिळवा, म्हणजे १५ आले तर २०, आणि निविदेत मागा. मागताना "पूर्ण भारासह, मध्येच थांबून पुन्हा निघण्याच्या स्थितीत" हे शब्द लिहा. रिकाम्या गाडीने धावत येऊन चढ चढणे वेगळे आणि कुणाच्या तरी फाटकासमोर थांबून, बादली ओतून, पुन्हा चढावर निघणे वेगळे.

टप्पा ३: बॅटरी किती मोठी?

बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासांत लिहिलेली असते. तोच आपल्या वीजबिलावरचा युनिट. भरलेली तीनचाकी मालगाडी घरोघर थांबत चालली की किलोमीटरला साधारण ०.१२ युनिट धरावा. माहितीपत्रकातली रेंज ठरावीक चाचणीत मोजलेली असते. त्या चाचणीत गावातली ऐंशी दारे नसतात.

समजा, जड दिवशी ३८ किलोमीटर होतात.

३८ गुणिले ०.१२, म्हणजे ४.५६ युनिट.
चढण, पाऊस आणि टिपरचा (कचरा ओतण्यासाठी उलटणाऱ्या हौद्याचा) हायड्रॉलिक पंप यांसाठी २० टक्के जास्त, म्हणजे ५.५.
बॅटरी २० टक्क्यांच्या खाली उतरवायची नाही, म्हणून ५.५ भागिले ०.८, म्हणजे ६.९.
काही वर्षांनी क्षमता ८० टक्क्यांवर येईल, म्हणून पुन्हा भागिले ०.८, म्हणजे ८.६.

या गावाला निदान ८.६ युनिटची बॅटरी लागते. साडेसातची गाडी स्वस्त पडते आणि पहिले वर्ष चालतेही. रडगाणे तिसऱ्या वर्षी सुरू होते.

शिसे-आम्ल बॅटरीची ई-कार्ट घेऊ नका. त्या वर्गाला नियमानेच ताशी २५ किलोमीटर आणि ३१० किलो माल एवढी मर्यादा आहे, चालकाच्या परवान्याचा वर्गही वेगळा लागतो. ओल्या कचऱ्याच्या कामाला ती गाडी पुरत नाही. घ्यायची ती एल-५ वर्गातली (ई-कार्टहून वरच्या, नेहमीच्या तीनचाकींच्या वर्गातली), लिथियम बॅटरीची. लिथियममध्येही आयर्न-फॉस्फेट प्रकार उष्णतेला अधिक टिकाऊ आणि जास्त वर्षे चालणारा. थोडी जड असते, पण हरकत नाही.

सावधान: माहितीपत्रकातली भारक्षमता सपाट हौद्याची असते. त्यावर दोन कप्प्यांचा लोखंडी टिपर बसवला की दीड-दोनशे किलो तिथेच गेले. ५०० किलोच्या गाडीत कचऱ्यासाठी ३०० किलोच उरतात. निविदेत "टिपर बसवल्यानंतरची निव्वळ भारक्षमता" असेच लिहा.

आणखी एक गोष्ट सगळे डोळ्यांआड करतात. तीनचाकी मालगाडीत सहसा एकट्या चालकाचीच जागा असते. मदतनीस मागे फळीवर लटकतो. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. मदतनीस चालत जाईल एवढ्या फेऱ्या लहान ठेवा, नाहीतर दोन आसनांची चारचाकी घ्या.

टप्पा ४: जागा, मीटर, अर्थिंग

गाडीची मागणी नोंदवण्याआधी हा टप्पा पूर्ण झालेला हवा. "होईल नंतर" इथे चालत नाही.

जागा. सर्वांत सोयीची वाटणारी जागा म्हणजे सुक्या कचऱ्याची शेड. नेमकी तीच टाळायची. प्लॅस्टिकच्या गाठोड्यांशेजारी रात्रभर चार्ज होणारी बॅटरी ठेवणे म्हणजे आगीला आवतण. चार्जिंगची जागा वेगळी, वर पत्रा, तीन बाजूंनी मोकळी, आणि रात्री कुणाच्या तरी नजरेत राहील अशी असावी. माडाखाली नको, पडलेला नारळ काच फोडतो आणि झावळ पत्रा. खाजनाकाठच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या सखल शेतांजवळच्या) गावांत गेल्या दहा वर्षांत पाणी कुठवर चढले ते जुन्या माणसांना विचारा, आणि जोते त्या खुणेच्या निदान दीड फूट वर घ्या. सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर. जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असेल तर परवानगीचा कागद आधी मिळवा. शेड उभी राहिल्यावर आलेली हरकत महिनोन्‌महिने गाडी अडवते.

मीटर. एका गाडीचा चार्जर साधारण ३ किलोवॉटचा, म्हणजे १३ अँपिअर, आणि तोही सलग काही तास. पंचायत घराचा मंजूर भार बहुधा पंखे, संगणक आणि एखादा एसी धरून घेतलेला असतो. त्यात ही भर घातली की संध्याकाळच्या ग्रामसभेत दिवे जातात. वीज खात्याकडे चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागा. दोन गाड्या धरून भार मागा, गाडी एकच असली तरी. भार वाढवायला पुन्हा तोच अर्ज, तीच तपासणी. अर्जात वापराचा हेतू "वाहन चार्जिंग" असा स्पष्ट लिहा आणि दर कुठल्या गटात लागणार ते लेखी घ्या. स्वतंत्र मीटरचा दुसरा फायदा टप्पा ८ मध्ये येईल.

अर्ज करण्याआधी एक साधी चाचणी करा. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत, तीन वेगवेगळ्या दिवशी, त्या जागी व्होल्टेज मोजा. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या टोकाला २३० चे २०० झालेले असतात. चार्जर मग सारखा बंद-चालू होतो आणि चालक म्हणतो गाडी खराब आहे. आकडे तारखेसह अर्जाला जोडा. लाइन सुधारण्याची मागणी त्या कागदावर उभी राहते.

वायरिंग. घरगुती तीन पिनांचा सॉकेट यासाठी नाही. १३ अँपिअर तीन-चार तास सलग गेला की त्याची पकड सैल होते, सैल पकड तापते आणि प्लॅस्टिक वितळते. पिन काळी पडते ती यामुळेच. निळ्या टोपीचा औद्योगिक सॉकेट बसवा. प्रत्येक गाडीला स्वतंत्र सर्किट, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच). बोर्डापासून ३० मीटरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, त्यापुढे ६ ची. बोर्डात विजेच्या कडकडाटासाठी सर्ज प्रोटेक्टर. मीटरजवळ मोठ्या अक्षरांत खूण केलेला मुख्य स्विच, जो रात्री अनोळखी माणसालाही सापडेल.

अर्थिंग. गोव्यात सगळ्यात जास्त गडबड इथेच होते आणि ती दिसत नाही. सड्यावर चार-सहा इंच मातीखाली चिऱ्याचा खडक. पावसात तो भिजलेला असतो तेव्हा अर्थिंगचा रोध छान कमी दाखवतो. एप्रिल-मे मध्ये तोच खड्डा कोरडा पडतो आणि आकडा कित्येक पटीने वर जातो. ऑगस्टमध्ये घेतलेल्या प्रमाणपत्राला म्हणून अर्थ नाही. मे महिन्यात मोजा आणि ५ ओहमच्या खाली आणा. एका खड्ड्याने जमत नसेल तर दोन खड्डे, एकमेकांपासून तीन मीटर लांब, तांब्याच्या पट्टीने जोडलेले. केमिकल अर्थिंग चिऱ्यात बरे चालते, पण खड्डा खरोखर खोल खणला का, हे कुणीतरी उभे राहून बघावे. झाकण लावल्यावर सगळे खड्डे सारखेच दिसतात.

बरेच चार्जर अर्थ नीट नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाहीत. त्यावर जुगाड म्हणून कुणीतरी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो. चार्जर फसतो, दिवा हिरवा होतो, आणि न्यूट्रल तुटली त्या दिवशी गाडीच्या सगळ्या पत्र्यात करंट असतो. पावसात, ओल्या हाताने, अनवाणी माणूस तिला हात लावणार. असा जुगाड करणाऱ्या वायरमनला दुसऱ्यांदा बोलवू नका.

पडताळणी: ३ किलोवॉटचा भार सॉकेटवर दोन तास सलग चालवा. सॉकेट हाताला कोमटापेक्षा जास्त लागला, किंवा भार चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज ५ च्या वर गेले, तर काम परत करून घ्या. हे पार पडेपर्यंत गाडीच्या निविदेला हात लावू नका.

टप्पा ५: ठराव आणि पैसा

ठरावात गाडीची किंमत लिहिली जाते आणि बाकीचे सुटते. पाच रकमा वेगवेगळ्या लिहा: गाडी, टिपर, चार्जिंगची जागा आणि वायरिंग, पाच वर्षांची देखभाल, आणि बॅटरीची राखीव रक्कम. शेवटची सगळे विसरतात. विजेवरच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, पण सुटी लिथियम बॅटरी घेताना तो १८ टक्के पडतो. सहाव्या-सातव्या वर्षी ही रक्कम एकदम उभी करायला पंचायतीजवळ काही नसते. दर वर्षी थोडी बाजूला टाका.

वित्त आयोगाच्या बांधील (ठरावीक कामांवरच खर्चायच्या) निधीतला स्वच्छतेचा हिस्सा अशा गाडीला वापरता येतो. त्यासाठी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी घातलेले हवे. वर्ष संपताना घाईघाईने घातलेले काम परत येते. मंजुरी कुणाच्या अधिकारात बसते ते गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. अनुदान धरून हिशोब बांधू नका. विजेवरच्या गाड्यांना अनुदान देणारी केंद्राची फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ ला संपली तेव्हा अनुदान गृहीत धरलेले कितीतरी हिशोब एका रात्रीत चुकले. मिळाले तर वरकड समजा.

टप्पा ६: निविदेत काय लिहायचे

जीईएम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून घ्या की ई-निविदेने, तपशील आपले असावेत. एखाद्या विक्रेत्याने "मीच लिहून देतो" म्हटले तर त्याच्याच गाडीची मापे निविदेत येतात. टप्पा १ ते ३ मधले आकडे आता उपयोगी पडतात. त्यांच्या जोडीला हे घाला:

बॅटरी एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाच्या तिसऱ्या दुरुस्तीप्रमाणे प्रमाणित, आणि बॅटरी, मोटर, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारी यंत्रणा) तिन्ही आयपी-६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा). "वॉटरप्रूफ" हा शब्द पुरेसा नाही.

ओल्या कचऱ्याच्या कप्प्याचा तळ स्टेनलेस स्टीलचा, तळाला गळणाऱ्या पाण्याची टाकी आणि तिला झडप. कचऱ्याचे आंबट पाणी साध्या पत्र्याला दोन वर्षांत चाळण करते. खाली ते वायरिंगवर ठिबकू लागले की बिघाड कुठला ते कळतही नाही.

बॅटरीची हमी वर्षांत आणि किलोमीटरांत, आणि "८० टक्क्यांच्या खाली क्षमता गेल्यास बदलून" असे शब्द. क्षमता कोण मोजणार आणि कशी, हेही लिहा. मोजण्याची पद्धत नसली तर हमीचा कागद शोभेचा. बॅटरीतल्या नियंत्रण यंत्रणेची नोंद पंचायतीला वाचता आली पाहिजे, अशी अट घाला.

सेवा केंद्र गोव्यात. तक्रारीनंतर ४८ तासांत मिस्त्री, आणि पाच दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर बदली गाडी. कोल्हापूर किंवा बेळगावहून मिस्त्री येणार असेल तर दाराशी पडलेल्या कचऱ्याचे उत्तर सरपंचालाच द्यावे लागते.

टिपर कंपनीच्या मंजूर रचनेत असावा आणि नोंदणीच्या कागदावर तसा उल्लेख यावा. गावातल्या वेल्डरकडून नंतर बसवलेला टिपर विमा दावा फेटाळायला पुरेसा ठरतो.

टप्पा ७: गाडी ताब्यात घेताना

नारळ फोडण्याआधी दोन दिवस तपासणीला ठेवा. जीईएमवर माल पोचल्यानंतर स्वीकृतीचे प्रमाणपत्र देण्यासाठी दहा दिवस असतात. ते दहाही दिवस वापरा. सही झाली की तुमचे म्हणणे ऐकायला कुणी बांधील नाही.

पहिल्या दिवशी कागद आणि काटा. बॅटरीवरचा क्रमांक आणि उत्पादनाचा महिना बिलाशी जुळवा. वर्षभर गोदामात पडून राहिलेली बॅटरी नवी नव्हे. टिपरसह रिकामी गाडी वजनकाट्यावर न्या आणि पावती घ्या. एकूण मंजूर वजनातून ते वजन आणि चालकाचे वजन वजा करा. उरेल ती खरी भारक्षमता.

दुसऱ्या दिवशी रस्ता. वाळूच्या पोत्यांनी पूर्ण भार भरा, सर्वांत तीव्र घाटीच्या मध्यावर गाडी थांबवा, हातब्रेक ओढा, दहा मिनिटे उभी ठेवा. मागे सरकता कामा नये. मग निघा. निघताना कंट्रोलर ट्रिप झाला तर गाडी परत. नंतर १०० टक्के चार्ज करून खऱ्या मार्गावर २० टक्क्यांपर्यंत चालवा, आणि पुन्हा भरताना मीटरवरचे युनिट लिहून ठेवा. हा आकडा म्हणजे गाडीची जन्मपत्रिका. तीन वर्षांनी हमीचा वाद झाला की तोच कामाला येतो.

नोंदणी, विमा आणि हिरवी नंबरप्लेट विक्रेता करून देतो. विजेवरच्या गाडीला नोंदणी शुल्क नाही, पीयूसीही लागत नाही. कुणी त्या नावाने रक्कम लावली असेल तर काढायला लावा. योग्यता प्रमाणपत्राची तारीख मात्र वहीत लिहून ठेवा. पहिली दोन वर्षे भुर्रकन जातात.

टप्पा ८: चालक, चार्जिंग आणि वही

डिझेलवर हात बसलेल्या चालकाच्या दोन सवयी मोडाव्या लागतात. पहिली, चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवणे. डिझेलमध्ये क्लच जळतो, इथे मोटर आणि कंट्रोलर तापतात. थांबले की ब्रेक. दुसरी, संध्याकाळी पाइप लावून गाडी धुणे. हौदा खुशाल धुवा. बॅटरी, चार्जिंगचे तोंड आणि आसनाखालचा भाग ओल्या फडक्याने पुसा. प्रेशर वॉशर तिथे वर्ज्य.

फेरी संपल्यावर अर्धा तास गाडी निवू द्या, मग चार्जिंगला लावा. जड दिवसानंतर मीटरवर सहा-साडेसहा युनिट पडतील आणि अडीच-तीन तासांत काम होईल. गाडी चालकाच्या घरी न्यायची नाही. घरच्या बोर्डावर चार्ज केली की बिल कुणाचे यावरून तंटा, आणि आग लागली तर जबाबदारी कुणाची यावरून दुसरा.

आगीबद्दल एवढेच सांगून ठेवा: धूर किंवा गोडसर रसायनाचा वास आला तर आधी मुख्य स्विच बंद, माणसे दूर, १०१ ला फोन. पावडरचे सिलिंडर ज्वाळा दाबते, पण आतल्या सेल तापतच राहतात आणि आग पुन्हा भडकते. विझली असे वाटले तरी गाडी शेडमध्ये परत न्यायची नाही.

वहीत सात रकाने पुरतात: तारीख, निघतानाचे किलोमीटर, परततानाचे किलोमीटर, निघतानाचे टक्के, परततानाचे टक्के, चार्जिंग मीटरचे रिडिंग, शेरा. दर शनिवारी सचिवांनी आठवड्याचे युनिट भागिले किलोमीटर एवढा एक भागाकार करावा. आकडा नेहमीपेक्षा १५ टक्क्यांनी वाढला तर आधी टायरमधली हवा बघा, मग ब्रेक चिकटतो का ते, मग भार. बॅटरीवर संशय सर्वांत शेवटी. निम्म्याहून अधिक तक्रारी हवेपाशीच मिटतात.

याच वहीतून उत्सर्जनाचा खरा आकडा निघतो. "शून्य प्रदूषण" असे फलकावर रंगवू नका, कारण गोव्याची वीज बहुतांश राज्याबाहेरून येते आणि तिच्यात कोळशाचा मोठा वाटा असतो. हिशोब असा करा. एक लिटर डिझेल जाळले की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. थांबत-थांबत चालणारा जुना टेम्पो लिटरला १२ किलोमीटर देत असेल तर ३८ किलोमीटरला ८.५ किलो. विजेवरच्या गाडीला, टप्पा ३ मधले जादा २० टक्के न धरता पण चार्जरमधली गळती धरून, ५.२५ युनिट, आणि देशाच्या ग्रीडला युनिटमागे सुमारे ०.७ किलो, म्हणजे ३.७ किलो. दिवसाला ४.८ किलो वाचले, ३०० दिवसांत सुमारे १,४४० किलो. ग्रामसभेत हा आकडा मांडा. कुणी उलटतपासणी केली तरी टिकतो. पंचायत घरावर सौर पॅनल असतील तर फरक वाढतो, पण त्यांचे युनिट वेगळे मोजा, एकाच बचतीची दोनदा मोजणी नको.

टप्पा ९: पहिला पावसाळा

मेच्या शेवटच्या आठवड्यात आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून तो खरोखर पडतो का बघा, आणि पुढे दर महिन्याला. सॉकेटची टोपी, केबलचे सांधे, शेडची गळती तपासा. किनाऱ्यालगतच्या गावांत १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावा. मुख्य बॅटरीच्या नारिंगी केबलला गावातल्या कुणीही हात लावायचा नाही.

विजा कडाडू लागल्या की गाडी चार्जिंगवरून काढा. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी ती पूर्ण भरून ठेवा, कारण त्या रात्री लाइन जाण्याची शक्यता दाट असते. रस्त्यावर पाणी असेल तर चाकाच्या मध्याच्या वर पाण्यात गाडी घालू नका, आयपी-६७ असली तरी. ते प्रमाणपत्र नव्या गाडीचे असते, तीन वर्षे खड्ड्यांतून गेलेल्या रबरी वॉशरचे नसते. भिजलेल्या ओल्या कचऱ्याचे वजन जवळजवळ दीडपट होते, तेव्हा जून ते सप्टेंबर एक फेरी वाढवा आणि प्रत्येक फेरीत भार कमी ठेवा.

या पहिल्या पावसाळ्यापुरता जुना टेम्पो काढून टाकू नका. सप्टेंबर सरला आणि वहीत खाडे दिसले नाहीत की मग त्याचे बघा. पंचायतीची गाडी १५ वर्षांची झाली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून तिची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही; ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी लागते, लिलावात भंगारवाल्याला नाही. विजेवरच्या गाडीची बॅटरी संपेल तेव्हाही तसेच. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती उत्पादकाकडे किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे परत जाते. परतीची पावती गाडीच्याच फायलीत लावा. लेखापरीक्षक पहिल्यांदा तीच मागतो.